पाव्हण्याची खबर

सातारा, २४ जून १९४८

प्रिय दस्तगीर,

फुआद जिवंत आहे का? एवढं विचारण्यासाठी हे पत्र. पुढचं वाचायचं नसेल तर इथेच थांब आणि एका कार्डावर हो किंवा नाही लिहून धाड. रोमच्या कचेरीत तू माझ्याशी बोलणं टाकलंस, त्याबद्दल मी काही विचारणार नाही. तू कैरोतच राहिलास, वर्तमानपत्रात आहेस, हे तुझ्या आईकडून कळत असतं. पत्ताही तिच्याकडूनच घेतला.

मी आता साताऱ्यात लालासाहेबांच्या साप्ताहिकात काम करतो. ते मालक आणि संपादक, मी बाकीचं सगळं. गेल्या आठवड्यात मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात चार ओळी आल्या. याफा शहर पडलं तेव्हा मारल्या गेलेल्यांत काही स्थानिक पत्रकार असल्याचं समजतं, त्यांत युद्धकाळी हिंदी फौजेबरोबर इटलीत असलेले एफ. शाहीन यांचं नाव घेतलं जातं. समजतं आणि घेतलं जातं. कुणाला समजतं, कोण घेतो, त्याचा पत्ता नाही.

लालासाहेबांना येत्या शुक्रवारच्या अंकात मृत्युलेख हवा आहे. आपल्या जिल्ह्यातली निम्मी पलटण पॅलेस्टाइनात आणि इटलीत राहून आलेली, शिवाय फुआदची याफाची वार्तापत्रं मी गेलं वर्षभर भाषांतर करून देत होतो, त्यामुळे गावोगावच्या चावड्यांवर त्याचं नाव माहीत आहे. मी म्हणालो, खात्री नाही. ते म्हणाले, "अहो नाथाजीराव, याफात मेलेल्या माणसाला कैरोचा दाखला लागतो होय? बातमी आणि भजी, गार झाली की कोण खातंय?"

मी हसलो, पण लिहिलं नाही. फुआदचा नियम तुला माझ्याइतकाच ठाऊक आहे. माणूस मेला असं लिहायचं तर एक तर स्वतः पाहिलेलं असावं, नाहीतर एकमेकांशी न बोललेल्या दोघांनी सांगितलेलं. सेनापतीच्या पत्रकालाही तो एकच साक्षीदार धरायचा.

तरीही काल मी कागद घेऊन बसलो आणि लिहायचाच झाला तर त्याच्याबद्दल मला काय माहीत आहे ते मांडून पाहिलं. फार थोडं निघालं. खाली देतो, चुकलं असेल तिथे दुरुस्त कर.

जन्म याफाचा. वडील संत्र्यांच्या निर्यातीसाठी पातळ फळ्यांच्या पेट्या ठोकायचे. शाळा सुटल्यावर हा त्या पेट्यांना खिळे मारायचा आणि बंदरावर कुठलं जहाज आलं, कुठलं लागायचं आहे, ते बापाला सांगायचा. त्यातूनच एका लहानशा पत्रात जहाजांच्या येण्याजाण्याची आणि संत्र्यांच्या भावाची ओळ लिहायला लागला. छत्तीस सालच्या हरताळात पहिल्यांदा मेलेली माणसं पाहिली आणि त्यांची नावं छापली, म्हणून सरकारने पत्र बंद केलं आणि याला कोठडीत घातलं. मग युद्ध आलं. ज्या सरकारने डांबलं त्याच सरकारच्या फौजेबरोबर बातमीदार म्हणून तो वाळवंटात गेला, कारण लढाई जवळून बघायची दुसरी वाट नव्हती. आपणही त्याच पगारावर होतो. इकडे कुंडलला आमचेच भाऊबंद इंग्रजांचं राज्य मोडून आपलं चालवत होते आणि मी परदेशात इंग्रजांच्या फौजी पत्राची मराठी आवृत्ती तपासत होतो. गावातले अजून कधीमधी टोचतात. फुआदला मी हे एकदा बोलून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "कुणाच्या मोटारीत बसलो ते लोक विसरतील. काय पाहिलं ते चुकीचं लिहिलं तर विसरणार नाहीत." मला ते तेव्हा पटलं. अजून पटतं की नाही, सांगता येत नाही.

मग इटली. मग एक हिंदुस्थानची फेरी. मग परत याफा, आणि स्वतःच्याच गल्लीतलं युद्ध. त्याचं शेवटचं पत्र मला एप्रिलमध्ये आलं. त्यात लिहिलं होतं की परक्या मुलखातली लढाई लिहिणं सोपं असतं, कारण तिथे पडलेल्या घरात आधी कोण राहत होतं ते आपल्याला माहीत नसतं.

एवढंच. लालासाहेबांना सांगितलं आहे, कैरोहून उत्तर येईपर्यंत मृत्युलेख नाही. त्याऐवजी मी दोन ओळी दिल्या आहेत की आमच्या मित्राबद्दल अशी वार्ता आहे, ती खरी असल्याची खातरजमा झालेली नाही.

कळव.

नाथाजी


सातारा, ७ जुलै १९४८

प्रिय दस्तगीर,

तुझं कार्ड नाही. विमानटपालाचं पत्र पोहोचलं असेल असं धरून दुसरं लिहितो आहे. या पत्राचं खरं कारण बनुबाई.

माझ्या त्या दोन ओळी माणातल्या तिच्या गावी जोतिबा हवालदाराने चावडीवर मोठ्याने वाचल्या. तो पेन्शनीत आल्यापासून आमचं साप्ताहिक तोच वाचून दाखवतो, आणि वाचताना अधूनमधून स्वतःची भर घालतो. त्याने खातरजमा हा शब्द गाळला की लोकांनी ऐकला नाही, कोण जाणे. चार दिवसांत मला निरोप आला की गुंडाच्या आईने बोलावलं आहे.

रविवारी सर्व्हिस मोटारीने दहिवडीला उतरून पुढे चालत गेलो. पाऊस नाही. मेंढरं घेऊन गडी चाऱ्यासाठी बाहेर गेलेले. गावात बाया, म्हातारे आणि जोतिबा.

तू बनुबाईला पाहिलेलं नाहीस. तिच्या लेकाला, पुलं बांधणाऱ्या पलटणीतल्या गुंडाला, पाहिलं आहेस. शेहेचाळीस साली फुआद मुंबईला आला आणि तिथून मला तार केली की गुंडाच्या घरी ने, ते तुला कुणी सांगितलं नसणार. मी तर सांगितलं नाही. आज सांगतो.

रोमच्या कचेरीतली ती दुपार तुझ्या डोळ्यांपुढे असेलच. छावणीत गुंडा ताटली घेऊन उघड्यावर बसला होता आणि कावळा त्याच्या डोक्याला शिवून गेला. तिथला कावळाही आपल्याकडच्यासारखाच राखी मानेचा. गुंडा फुआदकडे गेला आणि म्हणाला, फौजी पत्रात एक ओळ छापा की मी मेलो. फुआद आपल्या टेबलाशी येऊन विचारत होता की या माणसाला ताप आहे का. तू त्याला समजावलंस. कावळा शिवला की मरण ओढवतं. ते टाळायचं तर तो माणूस मेल्याचा खोटा निरोप त्याच्या जिवाच्या माणसांना धाडायचा. त्यांनी खरं समजून रडायचं. एकदा रडून झालं की मरण फिटलं, मग खरं सांगायचं आणि गोड खायचं. तुमच्या सांगलीच्या गल्लीतही हे करतात असं तू म्हणालास. फुआदने विचारलं की तो स्वतः का लिहीत नाही. गुंडाचं उत्तर तूच इंग्रजीत करून दिलंस: "साहेब पत्रं वाचतो. आन् माज्या हातानं कसं लिवू, मी मेलो म्हनून?"

आपण तिघंही हसलो होतो. मग फुआद नाही म्हणाला आणि मीही नाही म्हणालो. तू म्हणालास, कुठल्या तरी कोपऱ्यात एक ओळ, पुढच्या अंकात चूक झाली म्हणून दुरुस्ती, कुणाचं काय बिघडतं? पंधरवडा उलटायच्या आत पुलाच्या कामावर तोफेचा गोळा पडला आणि गुंडा गेला. तेव्हा तू जे बोललास ते माझ्या रोजनिशीत आहे. "तुम्हा दोघांना खरं सांभाळायचं होतं, माणूस नाही." त्यानंतर बोलणं संपलं.

तर शेहेचाळीस साली आम्ही दोघं बनुबाईच्या ओसरीवर बसलो. वाटेत मी फुआदला म्हटलं होतं की गुंडा चांगला होता, शूर होता, एवढं सांग आणि ऊठ. कावळ्याचं सांगू नकोस. त्याने मान हलवली आणि तिथे जाऊन सगळं सांगितलं. तो इंग्रजीत सांगत होता, मी मराठीत. मधे एकदा मी एक वाक्य मऊ केलं, तर तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं. थांबला आणि म्हणाला, मी बोललो तेच सांग.

बनुबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "येक वळ लिवायची हुती. मी रडले असते. आता बी रडतेच हाय."

तेही त्याने जसंच्या तसं इंग्रजीत करून मागितलं. मी दिलं.

मला वाटलं आता आम्हाला हाकलेल. तिने त्याला विचारलं, आई हाय का? आहे म्हणाला. मग सुनेला, अंजनाला, म्हणाली की भाकरी टाक. तो तिथे दोन दिवस राहिला. जोतिबा त्याला मिरचीचा खर्डा चारून म्हणाला, "तुमच्याकडं संत्री गोड, आमच्याकडं मिरची गोड. खावा की." तो खाऊन रडला तेव्हा सगळं गाव हसलं, बनुबाईसुद्धा. तेव्हापासून तो त्या गावाचा पाव्हणा. याफाहून मला येणाऱ्या पत्रात बनुबाईसाठी एक वेगळा कागद असायचा. बंदरावर काय चाललं आहे, त्याच्या आईचे गुडघे कसे आहेत, असंच काही. मी मराठी करून जोतिबाकडे धाडायचो.

आता रविवारचं. मी ओसरीवर बसलो तशी ती म्हणाली, "आवं नाथाजीराव, पाव्हण्याचं काय खरं?"

माहीत नाही म्हणालो.

"ठावं न्हाई न्हवं? मंग बेस झालं." आणि तिने मला काय करायचं ते सांगितलं. मी उठायचं, बाहेर जायचं, उंबऱ्याशी येऊन उभं राहायचं आणि पाव्हणा गेला असं म्हणायचं. ती रडेल. मागच्या खेपेला केलं नाही, या खेपेला करायचं.

मी म्हटलं, त्याला कुठे कावळा शिवला आहे? त्यावर ती म्हणाली, "छापून आलंया की. कागूदच शिवला म्हनायचा."

मी म्हणालो, मला ठाऊक नसताना मी कसं म्हणू की तो गेला?

"ठावं असतं तर खोटं पडलं असतं. ठावं न्हाई, तवा खोटं बी न्हाई पडत तुमाला."

तरी मी ते शब्द म्हणालो नाही. कैरोला पत्र टाकलं आहे, उत्तर आलं की लगेच येऊन सांगेन, जे असेल ते, असं म्हणालो. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "बगा. येळ गेल्याव त्येचा उपेग न्हाई."

वेशीपर्यंत अंजना सोडायला आली होती. ती सहसा बोलत नाही. म्हणाली, "म्हनून टाकायचं हुतं, आण्णा. आत्याबाईंना तेवडाच इसावा."

मोटारीत बसल्यापासून मी विचार करतो आहे की मला काय आड आलं. देवाधर्माचं मी फारसं मानत नाही, तेव्हा पाप नव्हे. छापायचंही नव्हतं, तेव्हा पेशाही नव्हे. दोन शब्द उच्चारायचे होते, एका बाईपुढे. मला शंका येते की त्या ओसरीवर मी फुआदसारखा दिसायचा प्रयत्न करत होतो. तो खरं बोलला तेव्हा त्याची किंमत म्हणून तिचं बोलणं ऐकत तिच्यासमोर बसून राहिला. मी नाही म्हणालो आणि तीनची मोटार गाठली.

तू असतास तर ते दोन शब्द म्हणाला असतास, हे मला माहीत आहे.

उत्तर धाड.

नाथाजी


सांगली, २८ ऑगस्ट १९४८

प्रिय दस्तगीर,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. माझी दोन्ही पत्रं लढाईमुळे टपालात अडकून जुलै सरताना तुझ्या हाती पडली, म्हणून कार्ड आलं नाही, हे कळलं. मी ते घेऊन इथे सांगलीला तुझ्या आईकडे आलो. घरी एकट्याने ते पुन्हा वाचवेना.

चांदबीमावशींनी आधी तुझं अक्षर पाहिलं, मग विचारलं, काय झालं? मी सांगितलं. त्यांनी फुआदला कधी पाहिलं नाही. तरी त्यांनी शेजारच्या बायकांना बोलावलं, ऊद लावला, फातेहा पढवली आणि शिरा वाटला. मलाही दिला. म्हणाल्या, "तिकडं कोणी केलं असंल की नसंल. हितं केलेलं पोचतं." मग तू कधी येणार ते विचारलं. मी म्हणालो, पत्रात नाही. त्यांनी पत्र माझ्याकडून घेऊन परत चाळलं, जणू मी एखादा कागद वगळला असेन. यावर मी काही सांगत नाही, तुझं तू बघ.

तू लिहिलंस ते मी माझ्या शब्दांत मांडतो. याफा पडलं तेव्हा फुआद मेला नव्हता. आईला नातेवाइकांबरोबर होडीने गाझाकडे पाठवून तो स्वतः जवळच्याच रामल्याला गेला आणि तिथून कैरोच्या एका पत्राला मजकूर धाडत राहिला. जुलैत तिथल्या लोकांना बाहेर काढलं गेलं. भर उन्हात बायकापोरांची रांग रस्त्याने निघाली, त्या रांगेत तो होता. चालता चालता लोकांना नाव आणि गाव विचारून लिहून घेत होता. एका विहिरीपाशी पाणी आणायला मागे वळला तेव्हा गोळी लागली. हे तुला आता गाझात असलेल्या एका बेकरीवाल्याने सांगितलं, आणि तिकडच्या डोंगरातल्या रामल्लाह या दुसऱ्या गावाहून एका सुईणीने लिहून कळवलं. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. गोळी कुणी झाडली ते दोघांनीही पाहिलं नाही, म्हणून तूही लिहिलं नाहीस. त्याच्या नियमात बसेल असंच पत्र तू लिहिलंस. वाचताना मला वाटलं की त्याच्यावर रागावलेला तू, आणि त्याचा नियम पाळलास तूच.

तारीख दोघांनीही तेरा जुलै सांगितली.

दस्तगीर, मी बनुबाईच्या ओसरीवर बसलो होतो तो रविवार चार जुलैचा.

मी हे मानत नाही. तू मानतोस का, मला कधी कळलं नाही. माणातल्या एका ओसरीवर म्हातारी रडली म्हणून रामल्याच्या रस्त्यावरची गोळी चुकत नाही, हे मी कॉलेजात शिकण्याच्या आधीपासून जाणतो. गेले चार दिवस मी स्वतःला हे सांगतो आहे. ज्याची खात्री आहे ते इतक्या वेळा सांगावं लागत नाही.

तू शेवटी विचारलं आहेस त्याचं उत्तर या पत्रात नाही. फुआदची आई गाझात तंबूत आहे, तू महिन्यातून एकदा जातोस, आणि ती विचारते तेव्हा तू सांगतोस की तो दमास्कसला कामात आहे. पुढच्या वेळी काय सांगू, असं तू मला विचारतोस. मला. रोमनंतर तू मला विचारलेली ही पहिली गोष्ट. घाईने उत्तर देऊन मला ती खर्चायची नाही.

लालासाहेबांना मृत्युलेख दिला आहे. शुक्रवारी छापून निघेल आणि शनिवारी जोतिबाच्या हाती पडेल. कागद माझ्याआधी तिच्या दारात जाता कामा नये. मी गुरुवारी जातो.

गेलो आणि तिने तारीख विचारली तर? न विचारली तर बरं, असं वाटणारा माणूस स्वतःला खरा म्हणवतो.

नाथाजी


सातारा, ५ सप्टेंबर १९४८

प्रिय दस्तगीर,

घडलं तसं लिहितो.

गुरुवारी दुपारी पोहोचलो. बनुबाई ओसरीवर हुलगे पाखडत होती. मला पाहून तिने सूप बाजूला ठेवलं, पण बस म्हणाली नाही. माझ्या लक्षात आलं नाही की मी उंबऱ्याशीच उभा आहे. चपलाही काढल्या नव्हत्या. तोंडातून निघालं ते हेच.

"बनुबाई, पाव्हणा गेला."

ती रडली. मी पुष्कळ बायकांना रडताना ऐकलं आहे, तू पण. हे तसंच होतं, हेल काढून, नाव घेत. माज्या गुंडाच्या जोडीदारा, खर्डा खाऊन रडलास आन् हसवलंस, तुजी आई कुटं रं, कुणाच्या वसरीव बसली असंल. शेजारच्या दोघी आल्या आणि तिच्याजवळ बसून रडायला लागल्या. त्यांतल्या एकीने तर फुआदला पाहिलंही नव्हतं, ती नवी सून होती. अंजना दाराआड उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. त्या नजरेत आभार होते. तेव्हा मला कळलं की मी काय केलं असं त्यांना वाटतं आहे. मी जुलैतलं मागणं उशिरा का होईना पुरवायला आलो, असं त्या समजत होत्या.

बनुबाई थांबली. पदराने तोंड पुसलं, अंजनाकडून पाणी घेऊन डोळ्यांना लावलं. तिचा चेहरा एकदम हलका दिसत होता. शेजारणीला म्हणाली, आतनं गूळ आन गं. आणि मला म्हणाली, "बसा आता. झालं आमचं. आता खरं काय त्ये सांगा."

दस्तगीर, त्या वेळी मी "गेला नाही" असं म्हणू शकलो असतो. सुखरूप आहे, दमास्कसला कामात आहे. तुझेच शब्द माझ्या जिभेवर तयार होते. गूळ आला होता.

मी म्हणालो, "हेच खरं आहे."

तिने विचारलं, "कोन म्हनतं?" मी बेकरीवाला आणि सुईण सांगितले. विहीर सांगितली. गोळी कुणी झाडली ते माहीत नाही, हेही. ती ऐकत होती. मग तिने विचारलं.

"कवा?"

मी म्हणालो, "बेंदराच्या आधीच्या आठवड्यात."

तिने हिशेब केला. मला तो तिच्या ओठांवर दिसला. "मंग मी तुमाला सांगितलं तवा हुता की त्यो."

"होता."

यानंतर ती रडली नाही. शेजारणी उठून गेल्या. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली, की बाई, इथल्या रडण्याने तिथली गोळी थांबत नसते. तिने मला हाताने थांबवलं.

"त्ये तुमचं झालं. तुमी मानत न्हाई. पाव्हणा बी मानत न्हवता. तुमच्या जिवाला घोर न्हाई. मी मानते. दोनी खेपंला मला रडू दिलं न्हाई, आन् दोनी खेपंचं माज्या येकटीच्या डोस्क्याव."

मी चौथ्या दिवशी घरी बसून हे लिहितो आहे आणि मला अजून यातला एक शब्दही खोडता येत नाही. मी इतके दिवस माझ्या खरेपणाचं काय करायचं ते ठरवत होतो. त्याचं ओझं जिच्यावर पडतं ती हिशेबात नव्हती. तरीसुद्धा, आणि हे मी फार विचार करून लिहितो, तिला सुखरूप आहे म्हणून सांगितलं असतं तर शनिवारी जोतिबाने तिला चावडीवरून मृत्युलेख ऐकवला असता. ते वाईट झालं असतं. आणि जोतिबा नसता, कागद नसता, तरी मी सांगितलं असतं का? असतं, असं मला वाटतं. ते चांगलं म्हणून नाही. फुआदचं मरण माझ्या एकट्याच्या ताब्यात राहावं, हे मला सोसलं नसतं.

मग माझी नजर उन्हाकडे गेली. तीनची मोटार. तुला मी हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं, पण ती नजर तिने पाहिली, म्हणून लिहितो. मी पिशवी उचलली.

"बसा," ती म्हणाली. "असं सांगून लगीच उटू ने. कुनी शिकिवलं न्हाई व्हय तुमाला?"

मी बसलो. चपला काढल्या. ती परत सूप घेऊन हुलगे पाखडू लागली. मग तिने विचारलं की त्याच्या आईला कुणी सांगितलं. मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं, तंबू, दमास्कस, सगळं.

तिने सूप थांबवलं नाही. म्हणाली, गुंडाची तार यायच्या आधी पत्रं बंद झाली होती, तेव्हा जोतिबाच्या बायकोला तिच्या नवऱ्याच्या पत्रातून कळलेलं होतं. तिने सांगितलं नाही, दया आली म्हणून. "रोज तिच्यासंगं पान्याला जायची मी. ती हसून बोलायची माज्याशी. मी गुंडाच्या वाटंचं तूप साठवत हुते. तार आली तवा पोराचं दुख येकीकडं, आन् हिच्या हसन्याचं येकीकडं. अजून धड बोलत न्हाई मी तिच्याशी." मग म्हणाली, "तुमच्या मित्राला लिवा, सांगून टाक म्हनावं. दारातनं न्हाई सांगायचं, जवळ बसून. आन् सांगून झालं की बसून ऱ्हा म्हनावं. तिनं श्या दिल्या तरी."

मी विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का त्यांना, तुमच्याकडून?

तिने सूप खाली ठेवलं. "म्हनावं, हितं रडून झालंया. तिच्या लेकाचं नाव घिऊन रडलो. पर ती आई हाय, तिचं ऱ्हायलंय."

मी त्या दिवशी तिथेच राहिलो. अंजनाने हुलग्याचं माडगं केलं. संध्याकाळी जोतिबा आला, त्याला मी आधीच सांगितलं. तो काही भर न घालता ऐकून घेऊन गेला. शनिवारी त्याने मृत्युलेख वाचलाच नाही, असं आज कळलं. अंक घडी करून बनुबाईला दिला. तिला वाचता येत नाही. तिने तो ठेवून घेतला आहे.

सकाळी निघताना तिने मला पुन्हा या असं म्हटलं नाही. मी जाणार आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गाझाला जा. मला वाटतं तुला एकदा तरी वाटेल की आणखी एक महिना दमास्कस चालेल. मलाही वाटलं होतं, गूळ पुढे असताना. तुला अरबी येतं, तेव्हा बनुबाईचा निरोप तिच्या भाषेत कर, आणि फुआद म्हणायचा तसा, मऊ न करता कर. मग ती जे म्हणेल ते ऐक. तिने तुला तंबूबाहेर काढलं तर बाहेर बस, पण तिला दिसशील असा.

परतीची मोटार किती वाजता आहे ते त्या दिवशी विचारू नकोस.

तुझा,
नाथाजी